घरचा कॉम्प्युटर बदलू का अपग्रेड करू? लाईनचा लय त्रास आहे, सल्ला द्या

कपाशी_दारव्हा
नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहून रायलो. घरी डेस्कटॉप आहे, प्रोसेसर आय थ्री चौथ्या पिढीचा, 4 जीबी रॅम, 500 जीबीची जुनी हार्डडिस्क, विंडोज 10. पोरगी बारावीले आहे, तिचे लेक्चर, पीक विम्याचे फॉर्म, सातबारा, शेजारपाजारच्या कोणाचं काही असलं तं तेही, सगळं याच्यावरच चालते. पण दोन वर्षांपासून एकेक बिघडून रायलं. चालू व्हायलेच सात-आठ मिनिटं. यूपीएस आहे पण लाईन गेली की टुईं करते अन् त्याच क्षणी सगळं बंद. दर खेपी तारीख जुनी दाखवते, मंग वेबसाईट उघडतच नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. इंकजेट प्रिंटरची शाई उन्हाळ्यात वाळते. डिस्कमधून कट कट आवाज येते, अन् अनवाणी पायानं कॅबिनेटले हात लागला तं झिणझिण्या येतात.

दुकानदार म्हणते भंगारात काढा, 38 हजारात नवा सेट देतो. माझ्याजवळ सोयाबीनचे 12-13 हजार आहेत, त्याच्यावर नाही. काय ठेवू, काय बदलू? अन् त्या डिस्कमध्ये बाबांचे शेवटच्या वर्षाचे फोटो आहेत, दुसरीकडं कुठंच नाहीत.

नदीकाठ
भाऊ बाकी सगळं राहू द्या, आधी ते फोटो काढा, आजच. कट कट म्हणजे डिस्कचं हेड अडखळून रायलं, ते कधी बसन सांगता येत नाही. स्कॅन, डीफ्रॅग (डिस्कवरच्या फायली नीट लावणं) काही चालवू नका, त्यानं उलट जास्त फिरते. एक कॉपी पेनड्राईव्हवर, एक फोनमध्ये. माझ्या लेकाचे बारशाचे फोटो असेच गेले, उद्या करू उद्या करू म्हणत होतो.

सोल्डरवाला
पुसदकडं रिपेअरिंगचं काम करतो, 15 वर्षं झाली. भाऊ तुमचा कॉम्प्युटर नाही बिघडला, तुमच्या घरची अर्थिंग गेली आहे. झिणझिण्या येतात ना, त्याचं कारण ऐका. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा, त्याच्या तोंडाशी फिल्टर असते, त्याचे दोन कॅपॅसिटर बॉडीले जोडलेले असतात, अर्थिंग असली तं ते जमिनीत उतरते, नसली तं बॉडीवर निम्मं व्होल्टेज उभं रायते, 115 च्या आसपास. करंट बारीक असते म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण घरात लेकरू आहे, हे चालवून घेऊ नका. अशात तुम्ही 38 हजाराचा सेट आणून त्याच प्लगले लावसान तं त्याचंही तेच होईन.

वायरमनकडून मीटरनं मोजून घ्या. फेज-न्यूट्रल 230 च्या जवळ अन् फेज-अर्थिंगही तेवढंच पाहिजेन. आपल्याकडं काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगसाठी पुरलेल्या पाईपचा मातीशी संबंधच रायत नाही, म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरून वरून पाणी टाकत राहा, एप्रिल ते जून तं आठवड्यातून दोनदा.

यूपीएस फेकू नका, आतली बॅटरी संपली आहे. 12 व्होल्ट 7 एएच, कुठंही भेटते. ही बॅटरी 25 डिग्रीच्या हिशोबानं बनते, त्याच्यावर दर 8-10 डिग्रीले आयुष्य अर्धं होते, अन् आपल्याकडं पारा 45 वर जाते. टिनाच्या खोलीत टेबलावर ठेवला असन तं खाली फरशीवर घ्या. रब्बीत मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज पडते, तेव्हा लाईन असूनही यूपीएस घडीघडी बॅटरीवर जाते, त्यानंही लवकर संपते.

तारखेचा सेल म्हणजे बोर्डावरचं ते गोल 2032. पन्नासच्या आत काम. तारीख चुकली की वेबसाईटचं सर्टिफिकेट जुळत नाही, म्हणून तो मेसेज येते.

फॉर्मताई_कारंजा
दादा बरोबर सांगून रायले. मी सेवा केंद्र चालवते, माझं पण मशीन चौथ्या पिढीचंच आहे. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क) टाकली अन् रॅम 8 जीबी केली, आता अर्ध्या मिनिटात चालू होते. 256 जीबीची साटा एसएसडी (जुन्या हार्डडिस्कच्याच केबलले लागते ती) घ्या, बिल अन् वॉरंटी असलेली, बिननावाची स्वस्त नका घेऊ.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा बसत नाही. पोरीच्या अभ्यासाला अन् नेट पाहायला विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली तरी चालते, मराठी टायपिंग पण होते. पण अंगठ्याचं मशीन लागत असेल तर विंडोजच ठेवा.

प्रिंटर मात्र मी बदलला. रोज प्रिंट निघत नसेल तर लेझर घ्या, टोनर भुकटी असते, वाळायचा प्रश्नच नाही. फक्त तो यूपीएसला लावू नका, रोलर तापताना एकदम करंट ओढते, 600 व्हीएचा यूपीएस बसतो.

सोल्डरवाला
ताईंचं खरं आहे. राऊटरचं पण पाहा भाऊ, 12 व्होल्टचा असन तं छोटा डीसी यूपीएस भेटते, लाईन गेली तरी नेट चालू रायते. अन् छतावर अँटेना असन तं वीज कडाडायच्या आधी तिची केबल काढत जा. मागच्या जूनमध्ये माझ्याकडं आलेले बहुतेक जळके बोर्ड त्या केबलमधूनच गेले होते, प्लग तं लोकांनी काढला होता.

कपाशी_दारव्हा
मंडळी लय आभार. फोटो परवा रात्रीच काढले, 1,140 होते, दोन उघडले नाही, बाकी सगळे आले. बाबा बैलजोडीजवळ उभे आहेत तो पण आला.

काल वायरमन आला. फेज-न्यूट्रल 236, फेज-अर्थिंग 84. खड्डा उकरला तं वायर पाईपापासून तुटून मातीत पडली होती, जोडावर सगळा गंज. नवी जोडली, कोळसा-मीठ भरलं, पाच घागरी पाणी टाकलं, मंग 231 दाखवलं. रात्री अनवाणी पायानं कॅबिनेटले हात लावून पाह्यला, काहीच नाही.

आता बॅटरी, सेल अन् एसएसडी आणतो, प्रिंटर दिवाळीनंतर पाहू. रॅम कोणती मागू ते सांगा, दुकानदार डीडीआर 4 दाखवून रायला.

सोल्डरवाला
डीडीआर 4 तुमच्या बोर्डात बसतच नाही, खाच दुसऱ्या जागी रायते, जोर लावला तं स्लॉट तुटन. डीडीआर 3, 1600 ची, डेस्कटॉपची लांब पट्टी, 4 जीबी. जुनी पट्टी काढून सोबत घेऊन जा अन् दुकानात दोन्ही शेजारी ठेवून खाच जुळते का ते पाहूनच पैसे द्या.