मदत हवी आहे: ऑनलाइन घेतलेला जुना कॅमेरा बरबटलेला आलाय, कशाने पुसू?

रानवेडा:
ऑनलाइन घेतलेला जुना फिल्म कॅमेरा आज आला. जाहिरातीत 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. आत काळा चिकट राडा आहे, बोटाला लागला की सुटत नाही. व्ह्यूफाइंडरमध्येही घाण दिसते. रविवारी फोटो काढायचेत. कशाने पुसायचं तेवढं सांगा. व्हिडिओंच्या लिंक नकोत, सगळे पाहून झालेत.

अपर्णा_क:
कॅमेरा कोणता? 'आत' म्हणजे मागचं दार उघडल्यावर की लेन्स काढल्यावर? आणि काहीही पुसण्याआधी आहे तशा अवस्थेचे फोटो काढून ठेवा. एकदा हात लावलात की विक्रेता तुमच्यावरच ढकलेल.

धूळपाटी:
थिनर घ्या. चिकट काहीही थिनरने निघतं, मी सगळे कॅमेरे त्यानेच साफ करतो.

रीळवाला:
थिनर अजिबात नको! रंग उडतो, प्लास्टिक विरघळतं. फोकसिंग स्क्रीनवर, म्हणजे व्ह्यूफाइंडरचं चित्र जिच्यावर उमटतं त्या दुधी पाटीवर, एक थेंब पडला तरी ती कायमची गेली. धूळपाटी, नवख्या माणसाला असले सल्ले देऊ नका हो.

धूळपाटी:
बाहेरून धातूवर लावायचं म्हणतोय. माझं आजवर काही बिघडलेलं नाही.

रानवेडा:
ऑलिंपस आहे. परत करायचा नाहीये, लेन्स फार सुंदर आहे. कशाने पुसू?

अपर्णा_क:
अहो, ऑलिंपस कुठला? ट्रिप ३५ असेल तर त्यात आरसाच नाही. ओएम मालिकेतला असेल तर गोष्ट वेगळी.

रानवेडा:
ओएम-वन, ५० मिमी लेन्ससकट. आरशाच्या वर आडवी पट्टी आहे तिथे आणि मागच्या दाराच्या खाचांत काळं आहे. शटर दाबलं की कण आरशावर पडतात. व्ह्यूफाइंडरमध्ये तपकिरी डाग, ब्लोअरने हलत नाही.

रीळवाला:
मग ती बाहेरची घाण नाही, कुजलेला फोम आहे. खाचांतला फोम प्रकाश अडवतो, आरशावरचा आरशाचा दणका झेलतो. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो असाच डांबरासारखा होतो, विक्रेत्याने कितीही जपला असला तरी.

शक्यतो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कापसाची काडी ओली करा, थेंब गळेल इतकी नको. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून काम करा, म्हणजे कण आत न जाता बाहेर पडतील. खाचा लाकडी टूथपिकने खरवडा. शटरचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा आहे, त्यावर अल्कोहोल नको, बोटही नको. आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, पुसलात तर ओरखडे उठतील. तिथे फक्त हाताने दाबायचा ब्लोअर. दाबाच्या हवेचा डबा तर आणूच नका, पडदा जागेवरून सरकतो.

अपर्णा_क:
डागाबद्दल: ओएम-वनमध्ये प्रिझमभोवतीही (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र सरळ दाखवणारी काच) फोम असतो. तो कुजला की प्रिझमचा चंदेरी मुलामा खातो. स्क्रीन लेन्सच्या तोंडातून काढता येते. ती काढूनही डाग तसाच दिसला तर प्रिझमच. फोटोत तो उमटत नाही, पण उरलेला फोम काढला नाही तर पसरत जाईल. वरचं आवरण उघडावं लागतं, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

स्वच्छंद:
ओएम-वन १९७२ मध्ये एम-वन नावाने आला होता. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने हरकत घेतली म्हणून नाव बदललं. एम-वन लिहिलेला मिळाला तर सोडू नका. ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानींनी इतका लहान एसएलआर (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) केला, त्याला तोड नाही.

निळीशाई:
लेन्सला बुरशी असेल तर दोन दिवस कडक उन्हात ठेवा, साफ होते.

रीळवाला:
बुरशी कोणी विचारली? आणि उन्हाने ती मेली तरी तंतू काचेवरच राहतात, खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. उष्णतेने ग्रीस पातळ होऊन तेल अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या झरोक्याच्या, पात्यांवर उतरतं ते वेगळंच.

निळीशाई:
माझ्या लेन्सची बुरशी वाढायची थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अतिनील किरणांनी मरते, हे तरी मान्य करा.

रीळवाला:
मरते, मान्य. साफ होत नाही, एवढंच म्हणतोय. रानवेडा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर इथे सांगा.

रानवेडा:
लेन्स स्वच्छ आहे, म्हटलं ना. खाचा पुसून झाल्या. आरशावरचा फोम सगळा गळून पडला. नवा रविवारपर्यंत मिळणार नाही. तसाच वापरू का?

अपर्णा_क:
खाचांत काळी लोकर भरून दार लावा, सांध्यांवरून काळी चिकटपट्टी लावा. तेवढ्याने एक रीळ निघेल. आरशाच्या जागी मात्र मऊ फोमची पातळ पट्टी हवीच, नाहीतर प्रत्येक क्लिकला आरसा धातूवर आपटेल. आरसा पूर्ण वर जातोय ना, ते रीळ भरण्याआधी बघा.

स्वच्छंद:
रीळ कोणतं भरताय? पहिल्यांदा कृष्णधवलच भरा.

रानवेडा:
पट्टी कापतोय. आता बॅटरीचं झाकण फिरत नाही, कडेला हिरवं चढलंय.

अपर्णा_क:
जोर लावू नका, झाकणावरची खाच झिजली की काम वाढेल. व्हिनेगरची काडी कडेने फिरवा, मग अल्कोहोलने पुसा, रबराचा तुकडा दाबून फिरवून बघा. मूळची पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी आता बनत नाही. श्रवणयंत्राची झिंक-एअर १.४ व्होल्टची असते, ती जवळची. साधी १.५ व्होल्टची घातलीत तर प्रकाश मोजणारं मीटर चुकीचं दाखवतं.

नाहीच उघडलं तर रविवारी राहू द्या. बॅटरी फक्त मीटरला लागते, शटर यांत्रिक आहे. स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६, १०० आयएसओच्या रिळाला शटर १/१२५ सेकंद. सावलीत अ‍ॅपर्चर तीन स्टॉप (पायऱ्या) उघडा.