पाणथळ पक्ष्यांसाठी स्पॉटिंग स्कोप आणि ट्रायपॉड: काय बघून घेऊ?

टिलवेवेडी:
नमस्कार मंडळी. ८x४२ची दुर्बीण बरीच वर्षं वापरतेय, पण पाणथळीवर ती कमी पडते. समोरच्या चिखलात टिलव्यांचा (चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा) थवा दिसतो, पण पाय काळे आहेत की पिवळसर हे कळत नाही, आणि पायच दिसले नाहीत तर छोटा टिलवा की टेमिंकचा हे ठरवणार कसं? म्हणून स्पॉटिंग स्कोप घ्यायचाय, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने बघायची मोठ्या झूमची दुर्बीण. ट्रायपॉडही नाही, तोही लागेल. बजेट दोन्ही मिळून माझा एका महिन्याचा पगार, त्यावर एक पैसाही नाही. बाबा सोबत असतात, त्यांना चष्मा आहे आणि मानेचं दुखणं आहे. बहुतेक वेळा आम्ही लपणात (पक्षी बघायच्या आडोशात) बसूनच बघतो, चालणं फार नाही. मॉडेल नाही सांगितलंत तरी चालेल, काय तपासून घ्यायचं ते सांगा.

दूरदृष्टी:
ताई, पुढची काच ८५ मिमीच्या खाली बघूच नका. माझ्याकडे स्वारोव्हस्कीचा एटीएक्स आहे, ८५चा. संध्याकाळी बाकीचे सामान आवरत असतात तेव्हा मी बदकांची पिसं बघत असतो. एका महिन्याच्या पगारात चांगली काच येत नाही. सहा महिने थांबा, पैसे जमवा आणि एकदाच काय ते घ्या. अर्धवट वस्तू घेतली की वर्षभरात ती विकायला काढावी लागते.

खंड्या७:
बजेट दिलंय की त्यांनी! हिशोब सोपा आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत किती रुंद ते कळतं. ६५ मिमीला २० पटीवर सव्वातीन मिमी. ६० पटीवर जेमतेम १ मिमी, चित्र काळवंडतं. ८० मिमीलाही ६० पटीवर १.३ मिमीच मिळतो. ८०मध्ये ६५पेक्षा दीडपट प्रकाश येतो हे खरं, पण वजनही तसंच वाढतं आणि मग ट्रायपॉडही दणकट लागतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळ २५ ते ४० पटीच्या मध्येच जातो. ६५ पुरतो.

रानवाटा:
स्कोपवर चर्चा चाललीय, पण घात ट्रायपॉड करतो. उत्तम स्कोप लटपटत्या पायांवर ठेवला तर ४० पटीवर नुसता थरथराट दिसतो. निम्मं बजेट पायांना आणि हेडला (स्कोप बसतो त्या वरच्या फिरत्या भागाला) द्या. जाड नळ्या आधी उघडायच्या, बारीक शेवटी. मधली दांडी वर काढायचीच नाही. बसून बघणार असाल तर उंची लागतच नाही, मग तीन टप्प्यांचे पाय घ्या, चार-पाच टप्प्यांचे नकोत. जितके सांधे जास्त तितकी थरथर जास्त.

आणि वारा असला की स्कोपचा पट्टा काढून ठेवा. तो फडफडतो आणि अख्खा स्कोप हलवतो. लोक ट्रायपॉडला शिव्या घालतात, दोष पट्ट्याचा असतो.

चिखल्या:
ट्रायपॉड महत्त्वाचा, +१. मी पण हेच सांगणार होतो, मधली दांडी वर काढू नका.

फोकसपुलर:
एवढा खटाटोप कशाला? निकॉनचा पी१००० कॅमेरा घ्या. ३००० मिमी लेन्सइतका झूम, फोटोही हातात येतो. पायांचा रंग घरी बसून मोठा करून बघा. मी स्कोप विकून टाकला, पश्चात्ताप नाही.

रानवाटा:
@फोकसपुलर, फोटो काढणं आणि पक्षी बघणं या वेगळ्या गोष्टी आहेत. थवा चरत असतो तेव्हा अर्धा तास एकाच पक्ष्यावर डोळा ठेवून त्याची चाल बघायची असते. ते छोट्या पडद्यावर होत नाही, डोळे शिणतात.

फोकसपुलर:
नोंदीला पुरावा लागतो. ‘मी बघितला’ म्हणून कोण मानतं?

खंड्या७:
तो वाद दुसऱ्या धाग्यावर घ्या, प्लीज. पुरावा हवा तर आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) फोन लावायचा अडॅप्टर मिळतो, आमचा सगळा गट तेच करतो.

जुनीकाच:
आकाशदर्शनाची दुर्बीण चालेल का बघा, तेवढ्याच पैशात काच खूप मोठी मिळते. माझ्याकडे आहे.

खंड्या७:
काका, नका सुचवू. त्यात चित्र उलटं किंवा डावं-उजवं फिरलेलं दिसतं, आणि पाऊस-धूळ लागली की संपलं. स्पॉटिंग स्कोपमध्ये सरळ चित्रासाठी प्रिझम असतो आणि बरेचसे नायट्रोजन भरून बंद केलेले असतात, आतून धुकं धरत नाही.

चष्मेवाला:
बाबांच्या चष्म्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माहितीपत्रकात ‘आय रिलीफ’ नावाचा आकडा असतो, म्हणजे आयपीसपासून किती लांब डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते. चष्मा असेल तर १५ मिमीच्या खाली घेऊच नका, १७-१८ असेल तर उत्तम. झूम आयपीसमध्ये हा आकडा झूमप्रमाणे बदलतो, तेव्हा दोन्ही टोकांना तपासा. आयपीसची रबरी कड बाबांसाठी पूर्ण खाली, तुमच्यासाठी वर. आणि बाबांनी स्वतःचा चष्मा घालूनच दुकानात बघावं.

टिलवेवेडी:
@चष्मेवाला, खूप आभार, नेमकं हेच हवं होतं. @दूरदृष्टी, बजेट वाढणार नाही. अँगल्ड (आयपीस वर कललेला, खाली वाकून बघायचा) की सरळ, याबद्दल कुणी सांगेल का?

दूरदृष्टी:
अँगल्ड. प्रश्नच नाही. मी सगळ्या प्रकारचे वापरलेत.

रानवाटा:
अँगल्ड. ट्रायपॉड कमी उंचीवर राहतो म्हणून स्थिर राहतो, आणि उंच-बुटकी माणसं आळीपाळीने बघू शकतात. झाडावरचा शिकारी पक्षी बघायलाही सोपा.

चिखल्या:
अँगल्डच.

मातीचेपाय:
अँगल्ड घ्या, पण नेम धरायला सुरुवातीला त्रास होतो हे कुणी सांगत नाही. डोळा खाली आणि पक्षी समोर, शोधता शोधता तो उडून जातो. उपाय: स्कोपच्या पुढच्या टोकाला प्लास्टिकची केबल टाय आवळा, तिचं शेपूट एक-दोन सेंटीमीटर उभं राहू द्या. त्या शेपटावरून पक्ष्याकडे नजर लावायची, सगळ्यात कमी झूमवर शोधायचं, मग झूम वाढवायचं.

माझी तक्रार वेगळी आहे. ट्रायपॉडसोबत फुकट आलेलं हेड वापरू नका. माझ्या हेडचा खटका बसल्यासारखा वाटला पण बसला नव्हता. प्लेट (स्कोप हेडवर बसवायची पट्टी) सरकली आणि स्कोप दगडावर. काच फुटली नाही, पण आतला प्रिझम हलला आणि तेव्हापासून चित्र एका बाजूला पुसट. कंपनीने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात झटकले. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी नवाच घेतला. प्लेट लावली की स्कोप दोन्ही हातांनी धरून हलवून बघा, मगच हात सोडा.

बॉलहेडवाला:
बॉल हेड घ्या, हलकं आणि झटपट.

खंड्या७:
स्कोपला बॉल हेड नको. सैल केलं की सगळ्या दिशांना एकदम कलतं, उडत्या पक्ष्यामागे फिरवता येत नाही. व्हिडिओचं फ्लुइड हेड हवं, दांडीवाला. एका बोटाने फिरतं आणि सोडलं तिथे थांबतं. घेताना स्कोप प्लेटवर पुढे-मागे सरकवून तोल साधा. तोल जमला की घट्ट न करताही नाक खाली पडत नाही.

बॉलहेडवाला:
माझं कधी पडलं नाही. फोटोलाही तेच वापरतो.

मातीचेपाय:
कार्बन की ॲल्युमिनियम हेही सांगा कुणीतरी.

रानवाटा:
चालायचं असेल तर कार्बन. त्यांना चालायचं नाहीये, तेव्हा ॲल्युमिनियम. खारट चिखलातून आणला की पाय गोड्या पाण्याने धुऊन, पिळाचे जोड उघडून वाळवायचे. वाळू आत राहिली की पिळताना करकर वाजतं.

खंड्या७:
शेवटचं. दुकानात नुसतं समोरच्या भिंतीकडे बघून येऊ नका. उजळ आभाळासमोरची बारीक काटकी बघा, कडेला जांभळी-हिरवी झालर किती येते ते दिसेल. ईडी काच असली की कमी येते. मग फोकस फिरवा: चित्र एका जागी झटकन धारदार व्हायला हवं. ‘हे बरं की ते’ असं मागे-पुढे करत बसावं लागलं तर तो नग परत द्या, त्याच मॉडेलचा दुसरा मागा. नगानगात फरक असतो. आणि उन्हं चढल्यावर तपासू नका, जमिनीवरची हवा उकळत असते, महागडा स्कोपही पुसटच दाखवेल.

टिलवेवेडी:
सगळ्यांचे आभार. काल घेतला. ६५ मिमी, ईडी काच, पण सरळ. दुकानात अँगल्ड आणि सरळ दोन्ही बसल्या उंचीवर लावून बाबांना बघायला दिले. अँगल्डमध्ये मान खाली वाकवून बघताना थोड्याच वेळात त्यांना कळ आली. सरळमध्ये ते टेकून बसले, नजर समोर, आणि उठायलाच तयार नव्हते. लपणाच्या खिडकीतूनही सरळच सोपा पडेल. आय रिलीफ १७ आहे, चष्म्यातून कडेपर्यंत दिसतं. ॲल्युमिनियमचे तीन टप्प्यांचे पाय, फ्लुइड हेड. पगाराच्या आत बसलं. केबल टाय लावली नाही, सरळमध्ये गरज वाटली नाही.

दूरदृष्टी:
अभिनंदन, पण अँगल्ड घ्यायला हवा होता. उभं राहून बघायची वेळ आली की ट्रायपॉड पूर्ण उघडावा लागेल, मग वाऱ्यात हलेल.

चष्मेवाला:
त्यांनी बाबांसाठी घेतलाय. एकदम बरोबर केलंत.

चिखल्या:
हेड कोणतं घेतलं? माझ्या स्कोपचा पाय आर्का-स्विस नावाच्या प्रकारच्या प्लेटचा आहे, बऱ्याच व्हिडिओ हेडमध्ये तो थेट बसत नाही. त्यासाठी वेगळा क्लॅम्प घ्यावा लागला का?

टिलवेवेडी:
हो, हेडवर छोटा क्लॅम्प वेगळा लावला. दोन स्क्रूंनी बसवलाय, एकाच स्क्रूवर ठेवला तर स्कोपच्या वजनाने तो फिरतो असं दुकानदाराने दाखवलं. फोटो रात्री टाकते.