मदत हवी आहे: भरतीचा फॉर्म स्क्रीन रीडरने पुढे जात नाही

मुक्तछंद: एका महापालिकेच्या भरतीचा फॉर्म स्क्रीन रीडरने, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, भरतेय. जन्मतारखेपाशी अडकलंय. पुढे कॅप्चा आहे, तोही वाचला जात नाही. सोमवार शेवटचा दिवस. काय करू? आणि सायबर कॅफेत जा म्हणू नका. आधार, ओटीपी, पासवर्ड अनोळखी माणसाला देणार नाही.

कोडकिडा: अडकलंय म्हणजे नेमकं काय होतं? मोबाइल की लॅपटॉप? स्क्रीन रीडर कोणता, एनव्हीडीए, जॉज की टॉकबॅक?

निवृत्त_मास्तर: साइटवर अक्षरं मोठी करायची बटणं असतात. रंगही बदलता येतात. ती वापरून पाहा.

मुक्तछंद: मास्तर, मी पूर्ण अंध आहे. लॅपटॉप, एनव्हीडीए, क्रोम. तारखेच्या खान्यात टाइपच होत नाही. कॅलेंडर उघडतं म्हणे, पण बाणांच्या कळांनी त्यात शिरता येत नाही.

गोदाकाठ: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलंत का? स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग रुग्णालयात तपासणी होते. माझ्या भाच्याचं तसंच झालं.

मुक्तछंद: कार्ड आहे हो. फॉर्मचं सांगा.

हक्काचं_बोला: ताई, आधी लेखी तक्रार करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ याचसाठी आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, बंधनकारकच हवेत. ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलंय. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्त बसतात, तिथे पाठवा.

कोडकिडा: तक्रारीने सोमवारपर्यंत फॉर्म भरला जाणार का? ताई, तो खाना बहुतेक रीडओन्ली ठेवलाय, म्हणून टाइप होत नाही. कॅलेंडर उघडल्यावर एनव्हीडीएच्या ऑब्जेक्ट नेव्हिगेशनने, म्हणजे पडद्यावरच्या एकेका घटकावर जायच्या सोयीने, हव्या तारखेवर जा. नमपॅड, म्हणजे आकड्यांच्या वेगळ्या कळा, असेल तर एनव्हीडीएची कळ आणि नमपॅडचा भागाकार दाबून माउस तिथे आणा, मग नुसता भागाकार दाबला की क्लिक होईल.

हक्काचं_बोला: अशा पळवाटांनीच साइट तशाच राहतात. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ची. तरी चित्राचा कॅप्चा, आणि सोबत आवाजाचा पर्याय नाही!

कोडकिडा: तक्रार करू नका असं मी कुठे म्हटलं? आधी अर्ज तर जाऊ दे.

मुक्तछंद: लॅपटॉपला नमपॅड नाही.

कोडकिडा: मग एनव्हीडीए, शिफ्ट आणि एम, नंतर एनव्हीडीए आणि डावा चौकोनी कंस. सेटिंगमध्ये कीबोर्ड लेआउट लॅपटॉप ठेवा.

पानझड: जाहिरातीची पीडीएफ वाचता आली का? आमच्याकडे जुन्या फाँटमध्ये टाइप करतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरं असतात, स्क्रीन रीडर ती बडबडतो. पानाची चित्रं काढून गूगल लेन्सला द्या, मराठी मजकूर मिळेल.

मुक्तछंद: तारीख बसली! पीडीएफचंही तसंच होतं, वयाची अट आत्ता कळली. कॅप्चा राहिला.

पानझड: बी माय आइज या अ‍ॅपवर स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लावा. बाकीचा फॉर्म दिसणार नाही असा पडदा सरकवा, तो फक्त कॅप्चाची अक्षरं वाचेल. वेळ संपून कॅप्चा बदलतो, म्हणून बाकी सगळं भरून झाल्यावरच कॉल करा.

हक्काचं_बोला: आणि ताई, अर्ज गेला की तारीख, पानाचा पत्ता, ब्राउझर, एनव्हीडीएची आवृत्ती लिहून ठेवा. तक्रारीचा मसुदा मी करून देतो.

गोदाकाठ: यूडीआयडीचा पत्ता बदलायला काय लागतं, कुणी सांगेल का?