यादी अपुरी राहिली तर राहू दे

युरोपात शिकायला गेलेल्यांची, सेमिस्टर संपताना 'पाचच देश झाले, बाकीचे राहिले' अशी हळहळ वाचली. मला ती फारशी पटली नाही. शनिवार-रविवारच्या पळापळीत पाहिलेली शहरं नंतर एकमेकांत मिसळून जातात. कुठला पूल कुठल्या गावचा, हे फोटोवरची तारीख बघून ठरवावं लागतं. प्राग मात्र माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण तिथे पुन्हा गेलो. पहिल्या खेपेला तिथल्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळासमोर (वेळेसोबत सूर्य-चंद्राची जागाही दाखवणारं घड्याळ) सगळ्यांसारखाच मोबाईल उंचावून उभा होतो. पुढच्या खेपेला नुसतं पाहिलं: तास भरत आला की कडेचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती एकामागून एक सरकत जातात. मिनिटभरात खेळ खलास, गर्दी पांगते. मग तबकडी निवांत बघता येते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

बाकी, परीक्षेनंतर भटकायचा बेत असेल तर आधी रहिवासी परवान्याची शेवटची तारीख बघा. त्या परवान्यावर इतर शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेले युरोपीय देश) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आणि रेल्वेचा पास घेताना युरोपाबाहेरच्यांसाठीचा युरेल नव्हे, इंटररेल; युरोपातले अधिकृत रहिवासी असाल तर तोच लागतो. वय २७ पर्यंत असेल तर सवलतही मिळते.