शब्दचर्चा : ‘सिंटरिंग’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न : वाळूजला आमच्या टूल रूममध्ये आलेल्या आयटीआयच्या पोरांसाठी मराठीत टिपण करायलोय. विषय : धातूच्या आणि सिरॅमिकच्या पावडरीपासून अवघड आकाराचे भाग कसे घडवतात. ‘सिंटरिंग’ला, म्हणजे पावडरीचा आकार दिलेला भाग भट्टीत तापवून घट्ट करण्याला, एक जण ‘वितळजोड’ म्हणायलाय, दुसरा ‘भाजणी’. ‘ग्रीन पार्ट’ला ‘हिरवा भाग’ लिहायचं तर जिवावर येतंय.

उत्तर : दादा, ‘वितळजोड’ नकोच. टंगस्टन कार्बाइडचे कण भट्टीत वितळून एकजीव होत नाहीत. साधारण १४०० अंश सेल्सिअसला पातळ होतो तो त्यात मिसळलेला कोबाल्ट धातू. तो फटींत शिरतो, कणांना जवळ ओढतो आणि थंड झाल्यावर धरून ठेवतो. शुद्ध ॲल्युमिना या सिरॅमिकचं तर काहीच वितळत नाही, अणू सरकतात आणि कण सांधले जातात. ‘भाजणे’ क्रियापद चालेल, पण ‘भाजणी’ म्हटलं की थालिपीठच आठवणार. नाम ‘सिंटरिंग’च ठेवा. ग्रीन म्हणजे कच्चा. कुंभारही न भाजलेल्या मडक्याला कच्चंच म्हणतो.

प्रश्नकर्ता : पटलं, ताई. आणि ‘श्रिंकेज’ला ‘आटणे’?

उत्तर : आटण्यात काहीतरी उडून जातं. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये पावडरीत कालवलेलं मेण आणि प्लास्टिक निघून जातं खरं, पण माप मुख्यतः घटतं ते नंतर, भट्टीत कणांमधल्या पोकळ्या मिटतात म्हणून. तिथं ‘आकसणे’ लिहा.

आणखी एक उत्तर : याच शब्दाशी एक वाक्य जपून लिहा. ‘भाग २० टक्के आकसतो, म्हणून साचा २० टक्के मोठा घ्या’ हे साफ चूक आहे. भट्टीतून २० मिमी हवा असेल तर साच्यात २५ मिमी लागतात. २४ घेतले तर १९.२ हाती येतात आणि कमी पडलेलं माप घासून भरून निघत नाही. ‘साच्याच्या मापाच्या २० टक्के’ असं पूर्ण लिहा.

आणि ‘डाय’, ‘मोल्ड’ दोन्हींना ‘साचा’ करू नका. पावडर पंचानं दाबतात ती डाय. तिच्यातून भाग सरळ वर निघावा लागतो, म्हणून आडवं भोक जमत नाही. मेण कालवलेली पावडर गरम करून भरतात तो साचा. त्यात आडवी कोर, म्हणजे भोकाची जागा अडवून ठेवणारी दांडी, घालून ते भोक काढता येतं. पोरांना हा फरक शब्दातच दिसू द्या.