काजळी सुरय, लगामी सुरय: ही नावं चालतील का?

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या सुरयांवर (म्हणजे टर्न, पाणपक्षी) आमच्या नाशिकच्या पक्षीमंडळींसाठी चार पानं लिहितेय. नदी सुरय सगळ्यांच्या ओळखीचा. सोबत त्याच्या दोन समुद्री भाऊबंदांची तुलना द्यायची आहे: सूटी टर्न आणि ब्रायडल्ड टर्न. ‘काजळी सुरय’ आणि ‘लगामी सुरय’ म्हटलं तर?

—

ताई, लगाम घोड्याला. आमच्या निफाडकडे बैलाला म्होरकी घालतात. ‘म्होरकी सुरय’ करा की!

—

दादा, म्होरकी वाचून निम्मे लोक टोळीचा म्होरक्या समजतील. 😄

मला अडचण वेगळीच दिसते. चोचीपासून डोळ्यापर्यंतची काळी पट्टी दोघांनाही असते, मग लगाम म्हणा नाहीतर म्होरकी, फरक कळणार कसा? खरी खूण पांढरी आहे. सूटीच्या कपाळावरचा पांढरा डाग रुंद आणि डोळ्यापाशीच थांबणारा. ब्रायडल्डचा मात्र अरुंद, डोळ्याच्या मागेपर्यंत ओढलेला, अगदी भुवईसारखा. म्हणून ‘भुवई सुरय’ सुचवते. पाठही पाहा: सूटीची काळीकुट्ट, ब्रायडल्डची करडी-तपकिरी, आणि मानेवर फिकट पट्टा.

‘काजळी’ ठेवाच. सूटीचं तरुण पिल्लू पोटापर्यंत काळपट असतं, वर पांढरे ठिपके. ब्रायडल्डच्या पिल्लाचं पोट पांढरं.

—

स्वभावाचंही एखादं वाक्य टाका. सूटीची पिसं पाण्यात भिजतात, त्यामुळे तो समुद्रावर सहसा बसत नाही, आणि तरुण पक्षी काही वर्षं जमिनीकडे फिरकतही नाहीत. ब्रायडल्ड वाहत्या ओंडक्यावर खुशाल टेकतो. सूटीची वीण उघड्यावर, प्रचंड दाटीत. ब्रायडल्ड कपारीत, दगडाआड अंडं घालतो. त्याच्या वसाहतीसाठी फार लांब जायला नको, आपल्याच वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर आहे.

शास्त्रीय नावात त्याच्यावर अन्यायच झालाय: ‘अ‍ॅनेथेटस’, म्हणजे मूर्ख! निसर्गशास्त्रज्ञ स्कोपोलीने 1786 साली ठेवलेलं.

—

भुवई सुरय पक्कं. कंसात म्होरकीही देते, दादांचा मान राहील. शास्त्रीय नावं लिहू का?

—

लिहा, पण जुन्या पुस्तकांतून उतरवू नका. तिथे दोघंही ‘स्टर्ना’ प्रजातीत (जीनसमध्ये) आहेत, आता ‘ऑनिकोप्रियॉन’ म्हणतात. नदी सुरय मात्र अजून स्टर्नाच.