विषमुक्त धान्य हवं, मग नुकसानीत वाटा कोणाचा?

वऱ्हाडी_कास्तकार
परवा इथेच पुण्याच्या एका ताईंनी लिहिलं की शहरातले ग्राहक आणि शेतकरी यांनी मिळून विषमुक्त अन्नाची चळवळ उभारावी, एकेका सोसायटीने एकेक शेतकरी धरावा. कल्पना आवडली म्हणून खालच्या अटी वाचल्या. माल घरपोच. किडका दाणा चालणार नाही. रासायनिक काही वापरलं नाही हे लेखी. दर किराणा दुकानापेक्षा फार तर दहा-पंधरा टक्के वर. पाऊस दडी मारून बसला, अळी पडली, रानडुकरांनी वावर लोळवलं, तर काय? त्यावर एक ओळ नाही. अशा अटी व्यापारीही घालतो, आणि तो निदान रोख देतो.

माझं आर्वीकडे कोरडवाहू वावर आहे. युरिया सोडला की पहिली दोन-तीन वर्षं उतारा घटतो, हे खरं बोलणारा कोणीही सांगेल. सेंद्रियच्या प्रमाणपत्रालाही साधारण तेवढाच काळ जातो. म्हणजे माल सेंद्रियच्या भावाने विकता येत नाही आणि पहिल्याइतका पिकतही नाही. हा खड्डा शेतकऱ्याने एकट्यानेच भरायचा? जपानमध्ये १९७०च्या दशकात घर चालवणाऱ्या बायांनी शेतकऱ्यांशी थेट बोली केली, तेइकेइ म्हणतात त्याला. वावरात जे निघेल ते सगळं घ्यायचं, वेडंवाकडं असलं तरी. माझं मागणं साधं आहे. पेरणीआधी निम्मे पैसे द्या, आणि पीक बुडालं तर तोटा निम्मा-निम्मा.

अनुजा_कोथरूड
ती पोस्ट माझी. दादा, चिडलात ते कळलं, पण त्या अटी कुठून आल्या तेही ऐका. आमच्या गटाने आगाऊ पैसे देऊन पाहिलेत. शेतकरी दर आठवड्याला भाजी आणायचा, आम्ही खूश. मग गटातल्या एकीने त्यालाच पहाटे घाऊक बाजारात गाळ्यावरून पालकाच्या जुड्या भरताना पाहिलं. जाब विचारला तर त्याने फोन उचलणं बंद केलं, उरलेले पैसे गेले ते गेलेच. पिशवीवर 'सेंद्रिय' छापायला काय लागतं? १२ लाखांच्या आत उलाढाल असलेला शेतकरी थेट विकत असेल तर त्याला कायद्याने प्रमाणपत्राचीही गरज नाही. मग आम्ही भरवसा ठेवायचा कशावर?

लाल_बिल्ला
दोघंही चुकीच्या जागी भांडताय. वावरातला खरा प्रश्न तण आहे. जुलैत झड लागली की तण पिकाच्या डोक्यावर जातं आणि निंदणाला बाई मिळत नाही. तणनाशक नको म्हणता, मग एकराला दोन निंदणांचे पैसे कोण देणार? जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी एचटीबीटी कपाशी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारी पण सरकारी परवानगी नसलेली, उघडपणे लावली आणि गुन्हे अंगावर घेतले. तीही एकत्र येऊन केलेली चळवळच होती. तेव्हा एकाही सोसायटीला शेतकरी आठवला नाही. आमच्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागितलं ते याचसाठी.

कृष्णाकाठची
बाई मिळत नाही, कारण गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे देता. माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात भांगलत होती. दिवसभर उकिडवं बसून सरकायचं, उसाच्या पात्यांनी हात चिरायचे, पायाच्या बोटांत चिखल्या. रात्री ती पायांना गरम तेल आणि हळद लावायची आणि सकाळी परत तिथेच. तणनाशक आलं तेव्हा तिची मजुरी वाढली नाही, तिचं श्रावणातलं काम गेलं. बांधावरची पाथरी, तांदुळजा, घोळही गेली. आमच्या घरी कोरड्यासाला तीच असायची.

लाल_बिल्ला
म्हणजे तुमच्या आईने पाठ मोडून घेतली ते बरं झालं म्हणता? मग माझ्या बायकोनेही मोडून घ्यावी का?

कृष्णाकाठची
माझ्या आईच्या पाठीवर तुम्ही बोलू नका. तुमच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव आहे का, ते सांगा आधी.

लाल_बिल्ला
आहे. संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेच्या वेळी वडिलांनी आईच्या नावावर जमीन केली, पुढे मी बायकोच्या केली. विचारण्याआधी माणूस पाहत चला.

कृष्णाकाठची
केलंत ते चांगलं केलंत. तीनशे-पाचशेचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

वऱ्हाडी_कास्तकार
बिल्लेवाले भाऊ, २०१७ विसरलात का? यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कपाशीची पराटी डोक्याच्या वर गेली होती. नोझल वर धरायचं आणि सगळा फवारा तोंडावर यायचा. माझा मामेभाऊ त्यातच आडवा झाला, डोळ्यांना दिसेनासं झालं. वाचला, पण आजही पंप पाठीवर घेत नाही. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी आली तेव्हा फवारण्या कमी झाल्या, हे मी नाकारत नाही. पुढे गुलाबी बोंडअळीला बीटी पचली आणि आम्ही पुन्हा पंपाशी आलो.

लाल_बिल्ला
हातमोजे आणि मास्क न पुरवणाऱ्यांचा दोष तंत्रज्ञानावर ढकलू नका. २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट या तणनाशकावर बंधन आणलं, कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या व्यावसायिकांनीच ते मारायचं. माझ्या गावात असा माणूस दाखवा. सगळे आपलं आपणच मारतात, आणि चोरून आणलेल्या बियाण्याची पावतीही मिळत नाही. बंदीने एवढंच साधलं.

मृदा_विद्यार्थी
मूळ विषयावर या. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली आणि नोव्हेंबरपर्यंत माघार घेतली. भात आणि चहा, दोन्हीचं उत्पादन घटलं. जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पाणी; एकराला लागणाऱ्या दोनशे लिटरात शेण असतं दहा किलो. त्यातून कपाशीचा नत्र भागत नाही. चळवळ काढायची तर नत्र कुठून येणार, ते आधी लिहा.

वऱ्हाडी_कास्तकार
नत्राचं खरं आहे, म्हणूनच मी हवेतला नत्र जमिनीत धरणाऱ्या तुरीचं तास चुकवत नाही आणि शेणखत विकत घेतो. श्रीलंकेत वरून हुकूम सुटला. आंध्रात २०१६ पासून रसायनं सोडण्याचं हेच काम बचत गटांच्या बायांमार्फत गावोगाव चाललंय, तिथे कोणाचा युरिया एका रात्रीत हिसकावला नाही. मिळून करणं मी त्याला म्हणतो.

अनुजा_कोथरूड
काल गटात विषय काढला. निम्मे पैसे आधी द्यायला सात घरं तयार आहेत. तोट्यात वाटा उचलायला तीनच, त्यात मी आहे. यापेक्षा जास्त आत्ता होणार नाही, दादा. लेखी अट काढते, पण हंगामात आमच्यातलं कोणीतरी वावरात येऊन बघणार. पूर्वी हात पोळलेत, त्यामुळे यावर तडजोड नाही.

वऱ्हाडी_कास्तकार
तीन घरं तर तीन घरं. या, पण निंदणाला या, हुरड्याला नको. तूरडाळ, ज्वारी आणि जवस देऊ शकतो. डाळीला पॉलिश नसेल, किडका दाणा निघेल, तो निवडून घ्यावा लागेल.

कृष्णाकाठची
निंदणाऱ्या बायांची मजुरी त्या आगाऊ पैशातच धरा, गड्याइतकी. नाहीतर हा व्यवहार ग्राहक आणि जमीनमालकातच मिटला, रानात राबणारी पुन्हा बाहेरच.

लाल_बिल्ला
धरा की, माझी हरकत नाही. पाचशेने दोन निंदणं, शेणखत, काढणी, सगळ्याचा एकरी हिशेब इथे मांडा आणि डाळीचा किलोचा भाव काढून दाखवा. ती सात घरं तेव्हाही तयार असतील तर मी माझं एक एकर देतो. तोवर तणनाशकावरचं माझं मत बदलणार नाही.

वऱ्हाडी_कास्तकार
मांडतो, पेरणीच्या आधी. एकर कोणतं देणार ते तुम्ही ठरवून ठेवा.